अ‍ॅडमिन म्हणजे मालक नव्हे

आपल्या कोणत्याही विहाराचा, जयंती समितीचा किंवा युवक मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळी उघडून पाहा. बुद्धमूर्ती, कमळ, निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेब आणि खाली 'जयभीम, नमो बुद्धाय, शुभ सकाळ'. एकाने टाकले की पाठोपाठ वीस-तीस जण टाकतात. मग कुणाचा वाढदिवस, कुणाच्या दुकानाची जाहिरात, एका नेत्याचे भाषण, त्या भाषणाला दुसऱ्या गटाचे उत्तर. या सगळ्याच्या मध्ये एखादा निरोप येऊन जातो की अमुक गावात आपल्या मुलाला मारहाण झाली आहे, ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, तालुक्याला कुणी वकील ओळखीचा आहे का. तो निरोप कोण पाहतो? निम्म्या लोकांनी ग्रुप कधीच म्यूट करून ठेवलेला असतो. उरलेले संध्याकाळी अंगठ्याने वर ढकलत जातात. दोन दिवसांनी कुणीतरी विचारतो, 'हे आम्हाला कळवले का नाही?' कळवले होते. जयभीमच्या चित्रांखाली ते दबले होते.

म्हणून ग्रुप नीट चालवणे हा केवळ शिष्टाचाराचा विषय आहे असे आम्ही मानत नाही. आज चळवळीची बैठक, वर्गणी, मोर्चा, मदत, सगळे याच मार्गाने फिरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोधगयेत महाबोधी महाविहारासाठी उपोषण सुरू झाले आणि १९४९ चा बोधगया मंदिर कायदा रद्द करण्याची मागणी गावोगाव पोहोचली, ती मुख्यतः मोबाइलवरून. त्याच मार्गाने जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरले, आणि खाते कुणाचे हे न सांगता पैसे मागणारे क्यूआर कोडही फिरले. मार्ग एकच आहे. त्यावरून काय जाऊ द्यायचे, हे कोण ठरवतो आणि कोणत्या नियमाने, हा खरा प्रश्न आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी हे काम कसे चालायचे, हे आजच्या तरुणांना बहुधा माहीत नसेल. परदेशातल्या आणि मोठ्या शहरांतल्या आंबेडकरी मंडळींच्या इंटरनेटवरच्या चर्चा एकेकाळी याहू ग्रुप्ससारख्या ईमेल याद्यांवर होत. तिथे संचालक नावाचा माणूस असे. नव्या सदस्याची पहिली काही पत्रे त्याच्याकडे थांबत, तो वाचून पुढे सोडी. जाहिरात असली तर तिथेच अडे. प्रत्येक पत्राला विषय लिहावा लागे, त्यामुळे ज्याला त्या विषयात रस नाही तो ते न उघडता पुढे जाई. आणि जुनी पत्रे शोधता येत. (याहूने डिसेंबर २०१९ पासून तो साठा पुसायला घेतला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद केली. ज्यांनी उतरवून ठेवले नाही त्यांच्या अनेक वर्षांच्या वादचर्चा गेल्या. आपल्या इतिहासाची कागदपत्रे दुसऱ्याच्या कपाटात ठेवली की काय होते, त्याचा हा नमुना.)

व्हॉट्सअ‍ॅपवर हा दरवाजाच नाही. निरोप आधी सर्वांच्या फोनवर पोहोचतो, नंतर अ‍ॅडमिनला दिसतो. ईमेलमध्ये सेवा देणाऱ्या कंपनीचे यंत्र मजकूर तपासून कचरा बाजूला काढू शकते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर एप्रिल २०१६ पासून अशा कुलपात जातो की पाठवणारा आणि घेणारा सोडून वाटेत कुणालाच, कंपनीलाही, तो वाचता येत नाही. हे कुलूप आम्हाला हवेच आहे. सरकारवर टीका करणाऱ्या कार्यकर्त्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण त्याचा अर्थ असा की मजकुराची चाळणी वाटेत बसवता येत नाही. चाळणी माणसानेच व्हायचे आहे.

ती नसेल तर काय घडते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी, सोलापूर जिल्ह्यातून आलेली ही माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, या मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवेने त्यांचा जीव घेतला. मेलेले भटके होते, गरीब होते, अनोळखी होते. अफवेला बळी नेहमी असाच माणूस सापडतो. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, आधीच खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा निरोपावर दोन बाण दिसतात. आपल्या किती ग्रुपांत त्या दोन बाणांकडे पाहून कुणी हात आवरतो?

आपल्याला वाटते की अफवा ते पसरवतात, आपण फक्त विचार पसरवतो. हे खरे नाही. वर्षानुवर्षे एक फॉरवर्ड फिरतो की कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी केली आणि तीत बाबासाहेबांना पहिला क्रमांक दिला. कोलंबियाने २००४ साली स्थापनेच्या २५० व्या वर्षानिमित्त, आपल्या काळाच्या पुढे असलेल्या कोलंबियाच्या माणसांची यादी प्रसिद्ध केली होती. बाबासाहेबांचे नाव तीत आहे, आणि ते सन्मानाचेच आहे. पण ती क्रमवारी नव्हती. खरी गोष्ट पुरेशी मोठी असताना तिला शेपूट लावली जाते, मग कुणी विरोधक ती शेपूट उपटून दाखवतो आणि आपल्या पोरांची कॉलेजात टिंगल होते. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेल्या वाक्यांचेही तेच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. वाक्य टाकणाऱ्याने खंड आणि पान सांगावे, एवढाच नियम ग्रुपने केला तरी निम्मी गर्दी आपोआप ओसरेल असा आमचा अंदाज आहे. कालामसुत्तावर वर्षावासात प्रवचन ऐकायचे आणि घरी येऊन ऐकीव गोष्ट पाच ठिकाणी धाडायची, हे दोन्ही एका घरात नांदू नये.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल, मोफत लॅपटॉपची लिंक, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी भलतीच वेबसाइट, हे सगळे आपल्या ग्रुपांत 'विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा' या सदिच्छेने येते. राज्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात, तिथे दिसत नसेल ती लिंक पुढे पाठवू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड होते. अशा गोष्टी काढून टाकायला अ‍ॅडमिनने कुणाला विचारण्याची गरज नाही. त्यावर मतभेद होण्याचे कारणच नाही.

अवघड भाग पुढे आहे. आणि तिथेच आपल्या ग्रुपांत सर्वाधिक अन्याय होतो.

जयंती होते. वर्गणी गोळा झालेली असते, डीजेवर, मंडपावर, बॅनरवर खर्च झालेला असतो. मे महिन्यात एखादा मुलगा ग्रुपवर विचारतो की हिशेब कधी मिळेल. पहिल्यांदा उत्तर येत नाही. दुसऱ्यांदा विचारले की कुणीतरी म्हणते, 'हा विषय ग्रुपवर नको.' तिसऱ्यांदा तो ग्रुपमध्ये नसतो. कारण काय तर वातावरण बिघडवतो. त्याच ग्रुपवर रोज सकाळची तीस चित्रे मात्र वातावरण बिघडवत नाहीत. एखादी उपासिका विचारते की विहाराच्या समितीत एकही बाई का नाही, तर तिला कुटुंबीयांमार्फत समज दिली जाते. २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत मत कुणाला द्यायचे यावरून वाद झाले, अ‍ॅडमिन ज्या गटाचा त्या गटाचे प्रचारसाहित्य 'समाजहित' ठरले आणि दुसऱ्या गटाचे 'राजकारण'. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे कसे पडत गेले हे आपल्या वडिलांच्या पिढीने पाहिले. त्यांना निदान सभा घेऊन फुटावे लागत होते. आता एका बोटाने फुटता येते.

आम्हाला म्हणायचे आहे ते हे की कचरा आणि मतभेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना दोन वेगळे नियम लागतात. कचरा अ‍ॅडमिनने एकट्याने, लगेच काढावा. मतभेद अ‍ॅडमिनने एकट्याने कधीही काढू नये. बहुतेक ठिकाणी आज नेमके उलटे चालते.

हे नियम कुठून आणायचे? कंपनीच्या पुस्तिकेतून आणायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खुसंघ संसदीय कार्यपद्धती जाणत होता. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, यांचे नियम संघाकडे होते. आपण ते भाषण अभिमानाने फॉरवर्ड करतो. त्यात सांगितलेली पद्धत आपल्याच ग्रुपला लावून पाहत नाही.

विनयपिटकात वाद मिटवण्याच्या सात रीती आहेत. पहिली सम्मुखाविनय, म्हणजे ज्यांच्यात वाद आहे ते समोर असताना, संघासमोर, धम्माला आणि विनयाला धरून निर्णय. माणूस नसताना त्याचा निकाल लावता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्याला काढले की तो आपली बाजू मांडूच शकत नाही, आणि त्याच्यामागे ग्रुपवर त्याच्याबद्दल काय बोलले जाते हे त्याला कळतही नाही. संघात महत्त्वाचा प्रस्ताव आधी मांडला जाई, मग तीनदा विचारले जाई, ज्याला मान्य आहे त्याने मौन राहावे, ज्याला नाही त्याने बोलावे. ग्रुपवर हे करणे मुळीच अवघड नाही. 'अमुक कारणासाठी या सदस्याला एक महिना बाहेर ठेवण्याचा प्रस्ताव आहे, तीन दिवसांत कुणाचा आक्षेप असेल तर सांगावा', असे लिहायला दोन मिनिटे लागतात. आणि एक महिना म्हटले तर एक महिनाच. संघातही निलंबन मागे घेण्याची रीत होती, वागणूक सुधारली की भिक्खूला परत घेतले जाई. आपल्याकडे मुदत हा प्रकारच नाही, एकदा काढलेला कायमचा शत्रू.

एकमत झाले नाही तर बहुमत. त्यासाठी सलाका, म्हणजे काड्या, वाटल्या जात आणि त्या गोळा करणाऱ्या भिक्खूची निवड संघच करी. त्याची पात्रता काय असावी हे ठरलेले होते. आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने तो वाकडा जाणारा नसावा, आणि कोणती सलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला कळावे. अ‍ॅडमिनच्या पात्रतेची याहून चांगली यादी आम्हाला कुठे सापडलेली नाही. आज अ‍ॅडमिन कोण होतो? ज्याने ग्रुप पहिल्यांदा उघडला तो. त्याने आपल्या दोन मित्रांना अ‍ॅडमिन केले की तिघे. निवड नाही, मुदत नाही, उत्तरदायित्व नाही. समितीचे पदाधिकारी बदलतात, ग्रुपची किल्ली मात्र पाच वर्षांपूर्वीच्या सचिवाच्या खिशात राहते.

कोसंबीची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी. शौचालयातल्या भांड्यात एका भिक्खूने पाणी शिल्लक ठेवले, एवढ्यावरून दोन तट पडले. एक बाजू विनयाच्या जाणकाराची, दुसरी सुत्तांच्या जाणकाराची, दोघांचे शिष्य वेगळे. प्रत्यक्ष भगवंतांनी समजावले तरी ऐकेनात, तेव्हा ते संघ सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. पुढे तोडगा कुणी काढला? कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी भांडणाऱ्या भिक्खूंना नमस्कार करणे आणि भिक्षा देणे थांबवले. मग भिक्खू सावत्थीला गेले आणि वाद मिटला. सामान्य सदस्यांच्या हातात केवढी ताकद असते, ते यातून दिसते. दोन गटांच्या भांडणाच्या निरोपावर अंगठा दाखवणे आणि तो पुढे पाठवणे सदस्यांनी बंद केले तर भांडण चार दिवसांत उपाशी मरते.

कायद्याच्या भीतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण 'उद्या पोलीस मलाच धरतील' हे कारण सांगून अनेक अ‍ॅडमिन सगळा ग्रुप बंद करून फक्त स्वतःला बोलता येईल अशी सोय करून ठेवतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर सदस्याने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली, अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. अ‍ॅडमिन आणि सदस्य यांचा समान हेतू किंवा आधीचा कट नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. निरोप पडण्याआधी तो रोखण्याची सोय अ‍ॅडमिनकडे नसते, हे त्यामागचे एक कारण होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. त्यानंतर मात्र अ‍ॅडमिनला कुणाचाही निरोप सर्वांच्या फोनवरून पुसण्याची सोय मिळाली आहे. तुझ्याकडे सोय होती, तरी तू काही केले नाहीस, असा युक्तिवाद पुढे कुणी न्यायालयात करणारच नाही असे नाही. आमच्या मते अ‍ॅडमिनने घाबरण्याचे कारण नाही, झोपून राहण्याची मुभाही नाही. आणि गोंदियाच्या त्या प्रकरणात कायद्याने अ‍ॅडमिन सुटला, तरी जिचा अपमान झाला तिच्यासाठी ग्रुपवर कोण बोलले, हा प्रश्न न्यायालयात सुटणारा नव्हता.

पुसण्याची सोय आली आणि त्यातून नवा धोकाही आला. ग्रुपची निमंत्रण लिंक फेसबुकवर टाकलेली असते, तिच्यावरून कुणीही आत येतो आणि बाबासाहेबांबद्दल विकृत चित्र टाकून जातो. अशा वेळी आपल्या तरुणांकडून दोन गोष्टी होतात आणि दोन्ही नुकसानीच्या आहेत. काही जण संतापून 'बघा यांची हिंमत' म्हणत तेच चित्र दहा ग्रुपांवर पाठवतात, म्हणजे टाकणाऱ्याचे काम फुकटात करतात. आणि अ‍ॅडमिन घाईने ते पुसून टाकतो, म्हणजे पुरावा जातो. अनुसूचित जाती-जमातींना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(v) नुसार गुन्हा आहे, ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पण गुन्हा सिद्ध व्हायला पुरावा लागतो. आधी क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट निर्यात करून ठेवावी, ज्या फोनवर ते आले तो जपावा, मगच पुसावे. जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तेव्हा ते पुरावा कायद्याचे कलम ६५ ब होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. तालुक्याच्या ग्रुपमध्ये किमान एका अ‍ॅडमिनला हे पाठ असावे. आणि निमंत्रण लिंक उघड्यावर टाकू नये, नव्या माणसाला आत घेण्याआधी अ‍ॅडमिनची मान्यता लागेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती सुरू करावी.

फक्त अ‍ॅडमिनला बोलता येईल असा ग्रुप वाईटच असतो, असे नाही. २०१८ पासून ती सोय आहे आणि तिचा उपयोग आहे. आमची सूचना अशी की प्रत्येक तालुक्याने एक ग्रुप फक्त तातडीच्या कामासाठी ठेवावा. अत्याचाराची घटना, रक्ताची गरज, मोर्चाची वेळ बदलली, एवढेच त्यावर येईल आणि ते दोन-तीन निवडलेल्या माणसांनी फोन करून खात्री केल्यावर येईल. तो म्यूट करायचा नाही, हे सर्वांनी कबूल करायचे. चर्चेचा ग्रुप वेगळा, तिथे सर्वांनी बोलावे, भांडावे, हिशेब मागावेत. ज्यांना रोज सकाळी जयभीम म्हणायचे आहे त्यांचा तिसरा असू द्या, त्यात काही पाप नाही. आमची आजी-आजोबांची पिढी अंगठा दाखवून नाही तर चित्र पाठवून आपण जिवंत आहोत, आपली ओळख शाबूत आहे हे सांगते. त्यांना हिणवून ग्रुपमधून काढणारे तरुण आम्हाला त्या चित्रांपेक्षा जास्त खटकतात.

दोष दाखवणाऱ्याने काय पाहावे, हेही बुद्धांनी सांगून ठेवले आहे. योग्य वेळी बोलेन, खरे ते बोलेन, सौम्य शब्दांत बोलेन, हिताचे बोलेन, मैत्रीच्या मनाने बोलेन. हे पाच निकष ग्रुपच्या वर्णनाच्या जागेत मावतात. मात्र ते फक्त हिशेब मागणाऱ्या मुलाला लावायचे आणि त्याला गप्प करणाऱ्या अध्यक्षाला लावायचे नाहीत, असे चालणार नाही.

एक गोष्ट अ‍ॅडमिनने आजच करून पाहावी. २०२२ पासून ग्रुप सोडणाऱ्याची सूचना सर्वांना जात नाही, फक्त अ‍ॅडमिनला जाते. कोण कधी गेले हे बाकीच्यांना सहज कळत नाही. गेल्या साठ दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी सदस्यांच्या नावांखाली पाहता येते. त्यात बायका किती आहेत ते मोजावे. ग्रुपमध्ये आपला क्रमांक सर्वांना दिसतो, आणि रात्री अनोळखी माणसाचे 'हाय' येऊ लागले की बाई कुणाला काही न सांगता निघून जाते. अशा प्रत्येकीला ग्रुपमधल्या एखाद्या जबाबदार ताईने फोन करून विचारावे, 'का गेलात?'